उजेड, अंधार आणि पाणवनस्पती: ट्यूबचा रंग का बदलतो आणि पहाटे मासे वर का येतात

तुम्ही विचारलेलं थोडक्यात आधी मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. हायड्रिला या पाणवनस्पतीच्या फांद्या तीन टेस्ट ट्यूबमध्ये बीटीबी, म्हणजे ब्रोमोथायमॉल ब्लू हा रंगसूचक घातलेल्या पाण्यात ठेवल्या. दिव्यासमोरची ट्यूब निळी झाली, फॉइल गुंडाळलेली पिवळी झाली आणि मंद उजेडात ठेवलेली होती तशीच हिरवी राहिली. मग या तिसऱ्या ट्यूबमधली वनस्पती बंद पडली की काय? आणि दुसरा प्रश्न असा की घरच्या फिश टँकमध्ये झाडं भरपूर आहेत तरी सकाळी सकाळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात, हे झाडांमुळेच होतंय का. दोन्हीचं उत्तर एकाच हिशोबात आहे म्हणून एकत्रच लिहिते, थोडं लांबेल.

सगळ्यात आधी ते "दिवसा प्रकाशसंश्लेषण आणि रात्री श्वसन" हे वाक्य डोक्यातून काढून टाका. मी प्रॅक्टिकल घेते तेव्हा वर्गातले निम्मे गोंधळ याच एका वाक्यातून निघतात. श्वसन चोवीस तास चालू असतं, भर उन्हातसुद्धा, कारण पेशीला जगायला ऊर्जा लागतेच आणि ती साखर जाळूनच मिळते. उजेड आला की त्याच्या जोडीला प्रकाशसंश्लेषण सुरू होतं, एवढाच फरक. एक प्रक्रिया ऑक्सिजन खाते आणि कार्बन डायऑक्साइड (पुढे सीओटू) सोडते, दुसरी नेमकं उलटं करते, आणि बाहेरून पाण्यात आपण जे मोजतो ते म्हणजे या दोघांच्या जमाखर्चाची शिल्लक. चांगल्या उजेडात प्रकाशसंश्लेषणाचा वेग श्वसनाच्या कितीतरी पट असतो म्हणून शिल्लक ऑक्सिजनच्या बाजूला दिसते, अंधारात जमा शून्य आणि खर्च चालूच म्हणून शिल्लक उलटी.

आता तुमची तिसरी ट्यूब. तिथे दोन्ही चालू आहेत, पण वेग बरोबरीचा आहे, म्हणजे श्वसनातून जेवढा सीओटू सुटतोय तेवढाच पान परत ओढून घेतंय, पाण्यात काही फरक पडत नाही म्हणून रंग हलत नाही. याला कॉम्पेन्सेशन पॉइंट म्हणतात. वनस्पती मेली असती तर ट्यूब फार काळ हिरवी राहिली नसती, मेलेला पाला कुजायला लागला की बॅक्टेरियाच एवढा सीओटू सोडतात की पाणी पिवळं होतं. खात्री करायची तर पिवळ्या ट्यूबवरचं फॉइल काढून ती दिव्यासमोर ठेवा आणि निळी झालेली फॉइलमध्ये घाला, काही तासांत रंग उलटायला लागतात, आणि ती अदलाबदल बघितल्यावर मुलांना वेगळं काही सांगावं लागत नाही. मात्र एक लक्षात ठेवा, रंग न बदलण्यामागे दुसरी साधी कारणं पण असतात, फांदी अगदीच छोटी घेतली, पाणी जास्त घेतलं किंवा वेळच कमी दिला तरी ट्यूब हिरवीच दिसते. त्यामुळे मंद उजेडाची ट्यूब दिव्यापासून वेगवेगळ्या अंतरावर ठेवून बघा, कुठेतरी थोडी निळीकडे, कुठेतरी थोडी पिवळीकडे झुकली पाहिजे, तरच मधली "बरोबरी" खरी.

आणि वनस्पती दिवसभर कॉम्पेन्सेशन पॉइंटवरच अडकून राहिली तर ती तग धरत नाही बरं का. दिवसाच्या बरोबरीत रात्रीचा खर्च धरलेलाच नाही, तो साठ्यातून जातो. म्हणून वाढ व्हायला दिवसाच्या काही तासांत तरी उजेड त्या पॉइंटच्या चांगलाच वर हवा.

बीटीबीबद्दल एक गैरसमज फार पक्का बसलेला आहे, तो म्हणजे ऑक्सिजनने पाणी निळं होतं. नाही. बीटीबीला ऑक्सिजन दिसतच नाही, त्याला फक्त पीएच कळतो, म्हणजे पाणी किती आम्ल ते; पीएच कमी तेवढं आम्ल जास्त. सीओटू पाण्यात विरघळला की कार्बोनिक ॲसिड बनतं, पीएच उतरतो, साधारण ६ च्या खाली रंग पिवळा, ७.६ च्या वर निळा, मधे हिरव्याच्या छटा. हायड्रिलाने सीओटू ओढून घेतला की ॲसिड कमी झालं म्हणून पीएच चढला, एवढीच गोष्ट. बायकार्बोनेट इंडिकेटर वापरला तर रंग वेगळे, हवेशी बरोबरीत असताना लालसर, सीओटू वाढला की पिवळा, घटला की जांभळा, आणि तो थोड्या फरकालाही हलतो म्हणून मला स्वतःला तो जास्त आवडतो.

पाणी कुठलं घेताय तेही बघा. बोअरचं जड पाणी घेतलं तर त्यात बायकार्बोनेट एवढं असतं की बीटीबी टाकल्या टाकल्या गडद निळं होतं आणि फॉइलमध्ये रात्रभर ठेवलं तरी हलायचं नाव घेत नाही. मग लोक म्हणतात प्रयोग फसला. प्रयोग फसत नाही, पाण्यातलं बफर, म्हणजे पीएच हलू न देणारं ते बायकार्बोनेटच, एवढं असतं की फांदीने सोडलेला सीओटू त्याला पुरा पडत नाही. डिस्टिल्ड पाण्यात थोडंसं नळाचं पाणी मिसळून घ्या, स्ट्रॉने हळूहळू फुंकत हिरव्या रंगावर आणा आणि मग ट्यूब भरा. ट्यूबला बूच घट्ट हवं, नाहीतर हवेशी देवाणघेवाण होऊन रंग मधेच कुठेतरी स्थिरावतो. आणि वनस्पती न घातलेल्या दोन ट्यूब, एक उजेडात एक फॉइलमध्ये, या हव्यातच हव्यात. दिव्याच्या उष्णतेनेसुद्धा पाण्यातला सीओटू सुटून वर बुचाखालच्या हवेत जातो आणि रंग थोडा निळीकडे सरकतो, त्यात वनस्पतीचा काही हात नसतो, पण श्रेय तिला मिळतं.

पाण्यात हे सगळं एवढं ठळक का दिसतं, जमिनीवरच्या झाडाभोवती का नाही, तर पाण्यात साठाच मुळात तुटपुंजा असतो. एक लिटर हवेत साधारण २१० मिलिलिटर ऑक्सिजन असतो, आणि २५ अंशाच्या एक लिटर गोड्या पाण्यात हवेशी बरोबरी झाल्यावर जेमतेम ६ मिलिलिटर, वजनात सांगायचं तर ८ मिलिग्रॅमच्या थोडं वर. सीओटू तर लिटरला अर्ध्या-पाऊण मिलिग्रॅमच्या आसपासच. त्यात पाण्यातून गॅस पसरण्याचा वेग हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट कमी. म्हणजे पानाने त्याच्या लगतच्या पाण्यातला सीओटू संपवला की लांबचा येईपर्यंत त्याला थांबावं लागतं, पानाला चिकटून जो स्थिर पाण्याचा पातळ थर असतो ना, खरा अडथळा तोच. पाणी किंचित वाहतं ठेवलं की हाच थर पातळ होतो आणि उजेड तेवढाच असून प्रकाशसंश्लेषण वाढतं. पाण्याखालच्या पानांची घडणही त्यासाठीच आहे. हायड्रिलाचं पान बहुतेक ठिकाणी दोनच पेशी जाड असतं, वरचं मेणाचं आवरण अगदी पातळ, पर्णरंध्रं कामाची नाहीतच, गॅस सरळ पेशीभिंतीतून आतबाहेर करतो. उलट कमळ किंवा कुमुदिनीसारखी तरंगती पानं पर्णरंध्रं वरच्या बाजूला ठेवतात आणि हवेशीच व्यवहार करतात.

आता बुडबुडे. पाण्यातल्या फांदीवर उलटं फनेल ठेवून बुडबुडे गोळा करायचा प्रयोग सगळ्यांनीच केलेला असतो, १७७९ मध्ये यान इंगेनहाउझ या शास्त्रज्ञाने पानं पाण्यात बुडवूनच दाखवलं होतं की बुडबुडे उन्हात येतात आणि अंधारात थांबतात, आणि हे काम उजेडाचं आहे, सूर्याच्या उष्णतेचं नाही. प्रयोग चांगलाच आहे, पण बुडबुडे मोजून प्रकाशसंश्लेषणाचा वेग काढताना सांभाळून. दिवा लावल्यावर सुरुवातीची काही मिनिटं बुडबुडा येतच नाही, तेव्हा ऑक्सिजन तयार होत असतो पण तो आधी पाण्यात विरघळतो आणि खोडातल्या हवेच्या पोकळ्या भरतो, त्या भरल्या की मग कापलेल्या टोकातून माळ सुटते. दिवा बंद केला की ऑक्सिजन बनणं जवळजवळ लगेच थांबतं, पण पोकळीतला दाब उतरेपर्यंत थोडे बुडबुडे येतच राहतात, त्यावरून "अंधारातही चालू आहे" असा निष्कर्ष काढू नका. शिवाय बुडबुडा म्हणजे शुद्ध ऑक्सिजन नाही, आजूबाजूच्या पाण्यातला नायट्रोजन त्यात शिरतो, म्हणून कधीकधी विझत आलेली काडी भपकन न पेटता नुसती लालसर होते. आणि दिवा जवळ असेल तर पाणी तापतं, २० अंशाला लिटरमध्ये ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला ७.६, हा फरक बुडबुडे बनून काचेवर आणि पानांवर चिकटतो. उकळून मारलेल्या फांदीवर पण ते दिसतात, करून बघा. एलईडी वापरा, नाहीतर दिवा आणि ट्यूबच्या मधे पाण्याने भरलेला चपटा काचेचा डबा ठेवा.

खाण्याचा सोडा चिमूटभर टाकला की बुडबुडे वाढतात हे खरं, कारण हायड्रिला आणि तिच्यासारखीच एलोडिया यांना बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेता येतो. सगळ्यांना जमत नाही, पाण्यातल्या बऱ्याचशा मॉसना नुसता विरघळलेला सीओटूच लागतो. पण सोडा आणि बीटीबी एकाच ट्यूबमध्ये नको, सोड्याने पीएच आधीच चढतो, मग रंगाला काही अर्थ उरत नाही.

आकडे हवे असतील तर लाइट-डार्क बॉटल करा, १९२७ पासूनची गार्डर आणि ग्रान यांची पद्धत आहे आणि अजून तिच्याइतकी स्वस्त आणि शिकवायला सोपी दुसरी मला सापडलेली नाही. तीन बाटल्या एकाच पाण्याने भरा, तिन्हींत सारखी फांदी. पहिलीतला ऑक्सिजन लगेच मोजा, विंकलर टायट्रेशन या रासायनिक पद्धतीने किंवा डीओ मीटरने, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन मोजणाऱ्या मीटरने. दुसरी पारदर्शक, तिसरी पूर्ण काळी झाकलेली, दोन्ही काही तास उजेडात. समजा सुरुवातीला लिटरला ७ मिलिग्रॅम होता, पारदर्शक बाटलीत ९.५ झाला आणि काळ्या बाटलीत ६ उरला. तर अंधारातला खर्च १, उजेडात वर दिसलेली शिल्लक २.५, आणि प्रत्यक्षात तयार झालेला ऑक्सिजन ३.५, कारण तयार झालेल्यातला १ उजेडात असतानाच श्वसनाने खाल्ला, तो मीटरला कधी दिसलाच नाही. हा न दिसलेला १ ज्याला समजला त्याला सगळा विषय समजला असं मी मानते. यात एक गृहीत धरलेलं आहे, की उजेडातलं श्वसन अंधाराएवढंच असतं. ते पूर्ण खरं नाही, उजेडात मायटोकॉन्ड्रियाचं श्वसन थोडं मंदावतं आणि फोटोरेस्पिरेशन नावाची वेगळीच गळती सुरू होते, पण शाळा-कॉलेजच्या कामाला एवढं चालतं. आणि काळ्या बाटलीतला १ एकट्या हायड्रिलाचा नाही, पाण्यातले आणि पानावरचे बॅक्टेरिया पण त्यात आले, म्हणून फांदी न घातलेली एक काळी बाटली जोडीला ठेवा.

फोटोरेस्पिरेशनचं नाव निघालं म्हणून हायड्रिलाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण ही वनस्पती वाटते तेवढी साधी नाही. दाट वाढलेल्या झुडपात दुपारी काय होतं, सीओटू जवळजवळ संपतो, ऑक्सिजन हवेशी बरोबरीच्या पातळीच्याही वर जातो, पीएच ९ ते १० पर्यंत चढतो. अशा वेळी रुबिस्को हे सीओटू पकडणारं एन्झाइम सीओटूऐवजी ऑक्सिजनच पकडायला लागतं आणि आधी पकडलेला कार्बन वाया जातो, हेच फोटोरेस्पिरेशन. हायड्रिला अशा परिस्थितीत सी-फोर पद्धतीकडे वळते, आधी मॅलिक ॲसिडसारख्या संयुगात कार्बन बांधून घेते आणि तो हरितलवकात रुबिस्कोपाशी नेऊन सोडते, आणि तेही मक्यासारखी दोन प्रकारच्या पेशींची खास रचना नसताना, एकाच पेशीत. परिस्थिती बदलली की परत सी-थ्री, म्हणजे रुबिस्कोने सीओटू थेट पकडायची नेहमीची पद्धत. त्यात भर उन्हाच्या एक टक्क्याच्या आसपास उजेड असला तरी तिचा हिशोब बरोबरीत येऊ शकतो, म्हणून पहाटे दुसऱ्या वनस्पती तोट्यात असतात तेव्हा हिचं काम सुरू झालेलं असतं. तळ्यात एकदा शिरली की निघत नाही त्याचं हेही एक कारण.

याहून विचित्र म्हणजे आयसोइटिस. ही पाण्याखालची छोटी वनस्पती रात्रीसुद्धा सीओटू आत घेते, मॅलिक ॲसिड करून साठवते आणि दिवसा पर्णरंध्रं-बिंध्रं काही भानगड न करता आतल्या आत वापरते. कॅक्टससारखी वनस्पती हे पाणी वाचवायला करते, ही मात्र पाण्यात बुडलेली, तिला पाण्याची काय टंचाई. तिला टंचाई कार्बनची, दिवसा शेजारी सगळा सीओटू पळवतात, रात्री सगळ्यांच्या श्वसनाने तो परत वाढतो, तेव्हा ही उचलते. म्हणजे फॉइलमधली ट्यूब पिवळीच होईल हा नियम सगळ्या पाणवनस्पतींना लावता येत नाही.

आता तुमचा टँक. झाडं रात्री ऑक्सिजन खातात हे खरं, पण सकाळच्या प्रकाराचं सगळं खापर त्यांच्यावर फोडू नका. रात्री खाणारे बरेच असतात, मासे स्वतः, फिल्टरमधले बॅक्टेरिया, तळाच्या गाळातला कुजका पाला, उरलेलं खाद्य, आणि बहुतेक टँकमध्ये झाडांचा वाटा या सगळ्यांपेक्षा लहानच निघतो. मी पहिला प्रश्न हा विचारेन की तुम्ही झाडांसाठी पाण्यात सीओटू सोडणारा सिलिंडर लावलाय का आणि तो रात्रभर चालू राहतो का. तसं असेल तर माशांचा त्रास ऑक्सिजनच्या कमतरतेचा नसून सीओटूचा असू शकतो, रात्री झाडं तो वापरत नाहीत, उलट स्वतःचा भर घालतात, आणि रक्तात सीओटू वाढला की पाण्यात ऑक्सिजन पुरेसा असूनही माशाचं हिमोग्लोबिन तो नीट उचलू शकत नाही. दोन्ही गॅस पाण्यात एकमेकांना ढकलून बाहेर काढत नाहीत, दोन्ही एकाच वेळी जास्त असू शकतात, दोन्ही एकाच वेळी कमी पण. सीओटू टायमरवर लावा आणि लाइट बंद व्हायच्या तासभर आधीच बंद होऊ द्या. ड्रॉप चेकरवर (टँकमधला सीओटू रंगाने दाखवणारी छोटी कुपी) भरवसा असेल तर तो मागचं सांगतो हे ध्यानात ठेवा, त्यातला बीटीबी हिरवा म्हणजे ४ डीकेएचच्या (डीकेएच हे कार्बोनेट कठीणपणाचं माप) द्रावणात लिटरला सुमारे ३० मिलिग्रॅम, पण पाण्यात बदल झाल्यावर त्याचा रंग बदलायला तासभर तरी लागतो, कधी जास्तच. सिलिंडर नसेल तर रात्री एअर पंप लावा किंवा फिल्टरचं तोंड थोडं वर करून पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवा, बुडबुड्यांपेक्षा हवेतून ऑक्सिजन आत येतो तो त्या हलत्या पृष्ठभागातूनच जास्त. आणि पाणी गरम असेल तर रात्र आणखी जड जाते, तापमान दहा अंशांनी वाढलं की श्वसन साधारण दुप्पट होतं आणि ऑक्सिजन मावतो मात्र कमी.

तळ्यात हाच खेळ मोठ्या प्रमाणावर. ऑक्सिजन दुपारी सगळ्यात जास्त, मग सूर्य कलल्यापासून उतरत उतरत उजाडायच्या थोडं आधी सगळ्यात कमी, म्हणून मासे मरतात ते पहाटे, आणि सलग ढगाळ दिवस आले की धोका वाढतो कारण दिवसाची जमाच कमी पडते. वनस्पती जास्त झाल्या म्हणून सगळ्यावर एकदम तणनाशक मारणं हा तर सगळ्यात वाईट उपाय, जमा एका झटक्यात बंद आणि कुजण्याचा खर्च सुरू. टप्प्याटप्प्याने काढा आणि काढलेलं पाण्याबाहेर टाका. जलपर्णीचा हिशोब परत वेगळा, ती हिरवीगार असते, प्रकाशसंश्लेषण भरपूर करते, पण तिची पानं हवेत असल्याने ऑक्सिजन जातो हवेत, आणि खाली तिच्या चादरीने उजेडही अडतो, वाऱ्याने पाणी हलायचंही थांबतं. त्यामुळे तिच्याखाली भर दुपारीसुद्धा ऑक्सिजन फार कमी सापडतो.

मुळांबद्दल कोणी विचारत नाही म्हणून सांगते. पाणथळ जागेच्या चिखलात ऑक्सिजन वरच्या काही मिलिमीटरच्या खाली जवळजवळ नसतोच, मुळं जगतात ती पानांकडून खोडातल्या पोकळ्यांमधून खाली येणाऱ्या ऑक्सिजनवर. कुमुदिनीच्या पिवळ्या फुलाच्या जातीत हे १९८० च्या सुमारास छान मोजलं गेलंय, उन्हाने तापलेल्या कोवळ्या पानांत दाब तयार होतो, हवा देठातून खाली कंदापर्यंत ढकलली जाते आणि जुन्या पानांतून बाहेर पडते. रात्री ऊन नाही म्हणून हा दाबाचा प्रवाह मंदावतो. पूर्ण पाण्याखाली असणाऱ्या सीग्रासची, म्हणजे समुद्री गवताची अवस्था तर आणखी नाजूक, तिला रात्री आजूबाजूच्या पाण्यातल्या ऑक्सिजनवरच भागवावं लागतं, तोही कमी असेल तर चिखलातला विषारी सल्फाइड मुळांतून आत शिरतो आणि कोंबापर्यंत पोचतो. तेव्हा तळ्यात किंवा खाडीत मोजमाप करायचं असेल तर एक रीडिंग दुपारी तीनच्या सुमारास आणि एक उजाडायच्या आधी घ्या, दोन्ही वेळा पृष्ठभागाजवळ आणि तळाजवळ वेगवेगळं, आणि पाण्याचं तापमान त्याच ओळीत लिहून ठेवा.